चार बोटांचे अंतर

खरे आणि खोटे यांत अंतर किती, असे अकबर बादशहाने एकदा बिरबलास विचारले. "चार बोटांचे!" असे उत्तर देऊन बिरबलाने आपली चार बोटे डोळा आणि कान यांच्यामध्ये टेकवून दाखविली. डोळ्यांनी पाहिलेले खरे. कानांनी ऐकलेले खोटेही असू शकते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. परंतु दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर आपण बसतो तेव्हा हे अंतर जवळजवळ नाहीसे होते. तेथे डोळा आणि कान एकाच वेळी साक्ष देतात आणि कानाची साक्ष पटली तरच डोळ्यांवर आपला विश्वास बसतो. ही कानाची साक्ष सिद्ध करणारा जो कारागीर असतो, त्याला ध्वनिमिश्रक म्हणतात. त्याचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही. त्याचे नाव कार्यक्रमाच्या शेवटी क्षणभर पडद्यावर येते आणि आपण उठून जातो. या पाठात त्याच्या कामाची ओळख करून घेऊ.

प्रथम एक साधा प्रयोग करा. एखादी मालिका चालू असता आवाज पूर्णपणे बंद करा. पात्रे ओठ हलवीत आहेत, दार उघडत आहे, पाऊस कोसळत आहे. पण सारे काही काचेपलीकडे घडत असल्यासारखे परके वाटेल. आता पडद्याकडे पाठ करा आणि आवाज सुरू करा. पाऊस पत्र्यावर पडत आहे की मातीवर, बोलणारा रागावला आहे की घाबरला आहे, खोली लहान आहे की मोठी, हे न पाहताही तुम्हांला कळेल. चित्र आपल्याला वस्तू दाखविते. ध्वनी आपल्याला त्या ठिकाणी नेऊन बसवितो.

भारतीय चित्रपट बोलू लागला तेव्हा अशी सोय नव्हती. अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. त्या वेळी चित्र आणि ध्वनी एकाच फितीवर एकाच वेळी उमटविले जात. चित्रणाच्या जागेजवळून आगगाड्या जात असल्यामुळे दिवसा काम करणे अशक्य होई. म्हणून गाड्यांची ये-जा थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रण करावे लागे. मायक्रोफोन नटांच्या आसपास कोठेतरी लपवून ठेवीत. गाणे असेल तर वादकांनीही तेथेच, पण चित्रात न दिसेल अशा ठिकाणी बसून वाजवायचे! एकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा. पुढे निरनिराळे ध्वनी वेगवेगळे मुद्रित करून नंतर एकत्र करण्याची युक्ती साधली आणि ध्वनिमिश्रणाची कला उदयास आली.

आज एखाद्या मालिकेचे किंवा माहितीपटाचे संकलन संपले, म्हणजे चित्रांचा क्रम कायम ठरला, की ध्वनीचे काम सुरू होते. ध्वनिमिश्रकाच्या संगणकावर अनेक आडव्या पट्ट्या दिसतात. प्रत्येक पट्टीवर एकेक ध्वनी असतो. एका पट्टीवर नायकाचे संवाद, दुसऱ्या पट्टीवर नायिकेचे; माहितीपट असेल तर निवेदकाचे निवेदन. काही पट्ट्यांवर पावले, दारे, भांडी, वाहने यांचे आवाज. काहींवर त्या त्या स्थळाचे वातावरण. आणि काहींवर पार्श्वसंगीत. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा एक आवाज असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? पंख्याची मंद घरघर, खिडकीबाहेरचा रस्ता, भिंतींवरून परतणारा नाद या सर्वांची मिळून एक 'शांतता' बनते. म्हणून चित्रणाच्या जागी सर्वांना गप्प उभे करून ही शांतताही थोडा वेळ मुद्रित करून ठेवतात. दोन संवादांमध्ये ती घातली नाही तर आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटतो.

एवढ्या साऱ्या पट्ट्या एकदम वाजविल्या तर काय होईल? आठवडी बाजारातील कोलाहल होईल! कोणता आवाज केव्हा पुढे यावा, कोणता मागे राहावा, कोणता अजिबात नसावा, हे ठरविणे हेच ध्वनिमिश्रकाचे खरे कर्तव्य. वाढणाऱ्याच्या हाती जसे मीठ, तसा त्याच्या हाती प्रत्येक ध्वनी असतो. कमी पडले तर पदार्थ अळणी, अधिक पडले तर तोंडात घालवत नाही.

या तारतम्यामागे थोडे शास्त्रही आहे. स्वयंपाकघरात वाटणाचे यंत्र चालू असता आईने मारलेली हाक आपल्याला ऐकू येत नाही. हाक लहान झालेली नसते; तिच्यावर दुसरा आवाज पसरलेला असतो. भाषेच्या बाबतीत हा धोका विशेष असतो. 'कान', 'पान', 'दान', 'मान' हे शब्द म्हणून पाहा. चारही शब्दांत 'आ' हा स्वर मोठा आणि लांब आहे. पण अर्थाचा भेद पहिल्या इवल्याशा व्यंजनात आहे. ते व्यंजन क्षणात येते आणि क्षणात जाते. तेवढ्यात मागे झांज किंवा व्हायोलिन जोराने वाजले की व्यंजन बुडाले आणि त्याबरोबर अर्थही बुडाला. माणसाचे वय वाढते तसे त्याला बारीक, उंच ध्वनी कमी ऐकू येऊ लागतात. आणि 'स', 'श' यांसारखी व्यंजने ओळखण्यास नेमके तेच ध्वनी लागतात. म्हणून मालिका पाहताना आजोबा "काय म्हणाला रे तो?" असे वारंवार विचारू लागले, तर दोष त्यांच्या कानांचाच असेल असे नाही. कदाचित मिश्रण करणाऱ्याने त्यांचा विचार केलेला नसेल.

याविषयी इंग्लंडमधील दोन उदाहरणे बोधप्रद आहेत. २०११ मध्ये बीबीसीने 'वंडर्स ऑफ द युनिव्हर्स' नावाची विश्वाविषयीची माहितीपट-मालिका दाखविली. पदार्थवैज्ञानिक ब्रायन कॉक्स तीत विवेचन करीत असत. पहिला भाग पाहून शंभराहून अधिक प्रेक्षकांनी कळविले, की संगीताच्या गजरात वक्त्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत. बीबीसीने पुढील भागांतील संगीत खाली आणले. स्वतः कॉक्स यांना मात्र हे रुचले नाही. अशा कार्यक्रमाचा अनुभव चित्रपटासारखा भव्य असावा, असे त्यांचे मत होते. दोन्ही बाजूंत काही तथ्य आहे. आणि अशा वेळी तोल साधणे किती कठीण असते, हेही यावरून दिसते.

दुसरे उदाहरण २०१४ मधील 'जमैका इन' या नाट्यमालिकेचे. पात्रांचे बोलणे पुटपुटल्यासारखे आहे, ते समजत नाही, अशा दोन हजारांहून अधिक तक्रारी बीबीसीकडे आल्या. पुढील भागांत ध्वनीची पातळी सुधारण्याचा प्रयत्न झाला. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. मुळात जो शब्द स्पष्ट उच्चारलेला नाही, त्याला नंतर कितीही मोठे केले तरी तो स्पष्ट होत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

कार्यक्रमाच्या मध्येच जाहिरात लागली की ती कानठळ्या बसविते, असाही अनुभव आपण घेतो. हा उपद्रव टाळण्यासाठी युरोपातील प्रक्षेपण संघाने २०१० मध्ये आवाजाची सरासरी पातळी मोजण्याची एक पद्धत ठरवून दिली. एकदोन क्षण मोठे असले तरी चालतील. परंतु संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी ठरावीक पातळीवरच असली पाहिजे, असा तो दंडक आहे. अर्थात मापकाचा काटा योग्य ठिकाणी आला म्हणजे मिश्रण चांगले झाले, असे नव्हे. काटा पातळी सांगतो. अर्थ पोचला की नाही, हे कानच सांगतो.

नाट्यमालिकेसाठी काम करताना कल्पकतेला फार वाव मिळतो. अमेरिकेतील जॅक फोली (१८९१–१९६७) हे पडद्यावरील चित्र पाहत पाहत पावलांचे, वस्त्रांचे, वस्तूंचे आवाज स्वतः करून मुद्रित करीत. आजही या कामाला जगभर 'फोली' असेच म्हणतात. बर्फातून चालल्याचा आवाज हवा असेल, तर पिशवीत भरलेले मक्याचे पीठ हाताने दाबतात आणि प्रेक्षकाच्या अंगावर शहारे येतात! १९६३ साली बीबीसीवर 'डॉक्टर हू' ही अद्भुतरम्य मालिका सुरू झाली. तीत काळातून प्रवास करणारे एक यान होते. असल्या यानाचा आवाज कोणी कधी ऐकलेला नव्हता. मग तो आणावा कोठून? ब्रायन हॉजसन या तंत्रज्ञाने आपल्या आईच्या घराची किल्ली जुन्या पियानोच्या तारांवर खरवडली आणि तो आवाज यंत्रांच्या साहाय्याने बदलून यानाचा विलक्षण ध्वनी निर्माण केला. घरची किल्ली आणि मोडका पियानो. पण त्यांतून साऱ्या देशाला ओळखीचा झालेला आवाज जन्मास आला.

नाटकात असे करणे ही कला होय. नाटक हे रचलेले आहे, हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु माहितीपटाची गोष्ट निराळी. तो पाहताना 'हे खरोखर घडले' असे आपण मानतो. म्हणून तेथे ध्वनिमिश्रकावर मोठी जबाबदारी येऊन पडते.

वन्यजीवांवरील माहितीपट घ्या. पशूंना त्रास होऊ नये म्हणून छायाचित्रकार पुष्कळ दूर उभा राहतो आणि लांब पल्ल्याच्या भिंगातून चित्र टिपतो. चित्र जवळचे दिसते. पण मायक्रोफोनला तशी लांबची दृष्टी नसते. त्यामुळे अस्वलाच्या पावलांचा आवाज त्या वेळी मिळतच नाही. तो नंतर निर्माण करावा लागतो किंवा दुसऱ्या वेळी मुद्रित केलेल्या ध्वनींतून निवडावा लागतो. तेव्हा ही लबाडी नव्हे काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. प्रश्न योग्य आहे. या व्यवसायातील विचारी माणसेही तो स्वतःला विचारीत असतात.

त्याचे उत्तर दोन कसोट्यांवर घासून पाहता येते. पहिली कसोटी : हा आवाज त्या ठिकाणी, त्या वेळी होणे स्वाभाविक आहे काय? दुसरी कसोटी : हा आवाज जोडल्याने पाहणाऱ्याच्या मनात खोटा अर्थ उत्पन्न होतो काय? अस्वल बर्फातून चालले, तेव्हा पावलांचा आवाज झालाच होता. तो आपल्यापर्यंत पोचविला एवढेच. सह्याद्रीच्या घाटातील पावसाळी पहाट दाखविताना शीळकरी कस्तुराची शीळ घातली तर ती शोभते, कारण तो पक्षी तेथलाच आहे. उलट, हॉलिवुडच्या जुन्या टारझनपटांत आफ्रिकेच्या अरण्यात ऑस्ट्रेलियातील कुकाबरा पक्ष्याचे हास्य ऐकू येते! करमणुकीत ते खपून गेले. माहितीपटात ते खपता कामा नये.

आता याहून गंभीर प्रसंग कल्पून पाहा. एका सभेत वक्त्याच्या भाषणाला चार टाळ्या पडल्या. माहितीपटात मात्र त्या चित्रामागे टाळ्यांचा कडकडाट जोडला. चित्रातील एकही रेषा बदललेली नाही; डोळ्यांना दिसते ते सगळे खरे आहे. तरीही पाहणाऱ्याची संपूर्ण फसवणूक झाली. टाळ्या वाढविणारा हात कोणालाही दिसणार नाही. म्हणूनच तो हात आवरणे हा ध्वनिमिश्रकाच्या सचोटीचा प्रश्न ठरतो. बिरबलाचे चार बोटांचे अंतर ते हेच!

खरा ध्वनी मिळविण्यासाठी माणसे किती कष्ट घेतात, याचेही एक उदाहरण पाहू. इंग्लंडचे ध्वनिमुद्रक क्रिस वॉटसन यांनी 'लाइफ ऑफ बर्ड्स' (१९९८) आणि 'फ्रोझन प्लॅनेट' (२०११) या प्रसिद्ध माहितीपट-मालिकांसाठी काम केले. गिधाडे भक्ष्य खातात तेव्हा कसा आवाज होतो, तो त्यांना हवा होता. केनियातील माळावर त्यांनी मेलेल्या झेब्र्याच्या बरगड्यांत लहान मायक्रोफोन दडविले, लांब तार ओढत आपल्या गाडीपर्यंत नेली आणि गिधाडांची वाट पाहत ते स्वस्थ बसून राहिले. गिधाडे उतरली, त्यांचा कलकलाट, पंखांचा फडफडाट आणि चोचींचे ओरबाडणे असे मुद्रित झाले, की ऐकणारा जणू त्या सांगाड्याच्या आतच बसला आहे! असा ध्वनी हाती आला म्हणजे मिश्रकाला काही सजवावे लागत नाही.

मिश्रणाच्या शेवटी आणखी एक काम करतात. संवाद व निवेदन एका बाजूला आणि संगीत व इतर आवाज दुसऱ्या बाजूला, असे दोन वेगळे संच तयार करून ठेवतात. त्यामुळे दूरदेशी तयार झालेल्या माहितीपटाला मराठी निवेदन जोडता येते. वाघाची डरकाळी तीच राहते. तिचे वर्णन तेवढे आपल्या भाषेत ऐकू येते.

हे काम शिकायचे कोठे? पुण्यास 'प्रभात' कंपनीच्या जुन्या आवारात भारत सरकारने १९६० साली चित्रपट-शिक्षणाची संस्था स्थापन केली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे शिक्षणही तेथे आले. आज ती 'फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' या नावाने प्रसिद्ध आहे. पदवी मिळविल्यानंतर तेथे ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचना यांचे शिक्षण घेता येते. याच संस्थेचे विद्यार्थी रसूल पुकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेर' या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणासाठी इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक या सहकाऱ्यांसह २००९ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. इंग्लंडमध्ये बीकन्सफील्ड येथील नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये असे शिक्षण मिळते. तथापि पुष्कळ जण ध्वनिमुद्रणगृहात मदतनीस म्हणून शिरतात. आरंभी चहा आणणे, तारा गुंडाळणे, ध्वनींना नावे देऊन ते नीट लावून ठेवणे, एवढेच काम हाती येते. मग संवाद स्वच्छ करणे, पावले जुळविणे असे करीत करीत काही वर्षांनी मिश्रणाच्या मुख्य आसनावर बसण्याची संधी मिळते. नोकरी कायम असेलच असे नाही. अनेकांना एकेका कार्यक्रमापुरते काम मिळते. प्रक्षेपणाचा दिवस ठरलेला असल्याने रात्रीचा दिवसही करावा लागतो.

या व्यवसायात यंत्रे दर काही वर्षांनी बदलतात. परंतु एक यंत्र बदलून मिळत नाही. ते म्हणजे आपला कान. फार मोठा आवाज दीर्घकाळ ऐकला तर आतील सूक्ष्म केशपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून जाणता मिश्रक आपल्या कर्ण्यांची पातळी बेताची व कायम सारखी ठेवतो आणि मधूनमधून कानांना विश्रांती देतो. कानांत बोंडे घालून तासन् तास मोठ्याने गाणी ऐकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कानांइतकीच आणखी एका गुणाची गरज असते. तो गुण म्हणजे निरहंकारता. वाद्यवृंद चांगला वाजला तर संगीतकाराची वाहवा होते, नट रडला तर नटाची. प्रत्येक शब्द पोचला, प्रत्येक भाव कळला, तर ध्वनिमिश्रकाचे नाव कोणीच घेत नाही. काही बिघडले तरच त्याची आठवण होते. घराचा पाया, विहिरीचा झरा आणि उत्तम मिश्रण यांचे मोल न दिसण्यातच असते. तेव्हा पुढच्या वेळी एखादा सुंदर माहितीपट संपेल, तेव्हा लगेच उठू नका. शेवटची नावे वर सरकत असतात. त्यांत ध्वनिमिश्रकाचे नाव शोधा. आणि मनाशी विचारा : या माणसाने माझ्या कानांशी प्रामाणिक व्यवहार केला काय?

शब्दार्थ

आशय – अभिप्राय, मनातील अर्थ
कोलाहल – गोंगाट
तारतम्य – कमी-अधिक ओळखण्याची बुद्धी
अळणी – मीठ नसलेला
बोधप्रद – शिकवण देणारे
दंडक – नियम
सचोटी – प्रामाणिकपणा
निरहंकारता – गर्व नसणे
आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार – मुळातच नसेल ते पुढे कसे मिळणार (म्हण)

स्वाध्याय

१. 'आलम आरा'चे चित्रण मध्यरात्रीनंतर का करावे लागे?
२. रिकाम्या खोलीची 'शांतता' मुद्रित करून ठेवण्याचे कारण काय?
३. 'कान, पान, दान, मान' या उदाहरणावरून लेखकाने काय समजावून दिले आहे?
४. अस्वलाच्या पावलांचा आवाज नंतर जोडणे आणि सभेतील टाळ्या वाढविणे यांत फरक कोणता? तुमच्या शब्दांत लिहा.
५. 'वंडर्स ऑफ द युनिव्हर्स'मधील संगीत कमी करणे योग्य होते काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या.
६. वाक्यांत उपयोग करा : खपून जाणे, कसोटीवर घासून पाहणे, रात्रीचा दिवस करणे, कानठळ्या बसणे.
७. उपक्रम : पहाटे, दुपारी व रात्री घराच्या दारात पाच-पाच मिनिटे डोळे मिटून बसा. ऐकू आलेल्या आवाजांची यादी करा आणि त्यावरून 'आमच्या घराचा आवाज' या विषयावर दहा ओळी लिहा.